'येतं सगळं, पण घाई करते'

परवा शेजारची चौथीतली मुलगी गणिताचा पेपर घेऊन आली. मागून आई: "येतं हो तिला सगळं, पण घाई करते!" पालकांचं हे आवडतं वाक्य. मला ते अर्धंच पटतं.

पेपरातला गुणाकार बघा: 347 × 26. सहाने गुणून 2082, बरोबर. मग दोनाने गुणून 694, पण एककाखाली फुली किंवा शून्य न टाकता थेट खाली मांडलेलं. बेरीज 2776. खरं उत्तर 9022.

आता गंमत. अनेक क्लासवाले नवाचा ताळा शिकवतात. 347 च्या अंकांची बेरीज 14, म्हणजे 5. 26 चे 8. पाच आठे चाळीस, म्हणजे 4. आणि 2776 चेही 22, म्हणजे 4! चुकलेलं उत्तर ताळ्यात पास. 9022 ऐवजी 9202 लिहिलं तरी तेच.

म्हणून आधी अंदाज. 350 गुणिले 20 म्हणजेच सात हजार, मग 2776 येईलच कसं? चौथीतल्या पोराला हे तोंडी जमतं.

वजाबाकीला उलटी बेरीज. 5003 मधून 1876 गेले की 3127. त्यात 1876 मिळवून 5003 आले पाहिजेत. मधली शून्यं असली की हातचा हमखास हरवतो, तिथे हे कराच.

आणि "पुन्हा एकदा तपास" असं नुसतं सांगू नका. मूल तीच आकडेमोड डोळ्यांखालून घालतं आणि तीच चूक बरोबर म्हणून सोडतं.

तुमच्या घरी कुठे अडतं? चुकलेलं गणित जसंच्या तसं कमेंटमध्ये टाका, बघू.