निर्वासितांचा व्हिसा आणि यजमान मतदार

निर्वासितांच्या कागदपत्रांना उशीर होणं यात नवीन काही नाही. मग २०२२ साली त्याच उशिराची ब्रिटनच्या सरकारला एवढी झळ का बसली, ते आज पाहू.

२४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युरोपीय संघाने आठवडाभरातच युक्रेनच्या लोकांना तात्पुरतं संरक्षण द्यायचं ठरवलं. आयर्लंडने व्हिसाची अट काढून टाकली. ब्रिटनने मात्र सुरक्षेचं कारण देऊन ती कायम ठेवली. फ्रान्सच्या किनाऱ्यावर कॅले बंदरापर्यंत पोचलेल्या माणसांना सांगण्यात आलं, व्हिसासाठी पॅरिसला नाहीतर ब्रसेल्सला जा! गृहमंत्री प्रीती पटेल यांच्यावर खुद्द त्यांच्या हुजूर पक्षाच्या खासदारांनी टीका केली. शेवटी पासपोर्ट असलेल्यांना ऑनलाइन अर्ज करण्याची आणि बोटांचे ठसे नंतर देण्याची सवलत मिळाली.

१८ मार्चला 'होम्स फॉर युक्रेन' योजना सुरू झाली. नागरिकाने निर्वासितांना किमान सहा महिने घरात जागा द्यायची, सरकार त्याला महिना ३५० पौंड देणार. लाखावर लोकांनी तयारी दाखवली.

आता खरी गोम बघा. यजमान कुटुंबाला मिळत असे, पण व्हिसा प्रत्येकाचा वेगळा. आईचा आला आणि धाकट्या मुलाचा राहिला, की सगळेच अडकले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत योजनेत सुमारे १२,५०० व्हिसा दिले गेले होते, पोचले होते फक्त १,२००. पटेल यांना जाहीर माफी मागावी लागली.

एरवी ताटकळणाऱ्या निर्वासिताला मत नसतं. २०२१ मध्ये काबूलहून आणलेले हजारो अफगाण लोक वर्ष उलटलं तरी हॉटेलांतच होते. त्यावरही बोललं गेलं, पण घराघरांतून ओरड झाली नाही. इथे मात्र खोली आवरून, गाद्या घालून वाट बघणारा माणूस त्या देशाचा मतदार होता. तो खासदाराला पत्र लिहीत होता, पत्रकारांशी बोलत होता. सरकारने मदतीचा भार नागरिकावर टाकला आणि त्याबरोबर कार्यालयातला उशीर त्याला आतून दिसू लागला.

पुढे वर्ष संपेपर्यंत या योजनेतून लाखाहून अधिक लोक ब्रिटनमध्ये पोचले. म्हणजे योजना फसली असं म्हणता येत नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: नागरिकाला भागीदार केलं, की तो हिशोबही मागतो.