‘बाबा ओरायली’ या गाण्यातले बाबा आपल्या पुण्याचे

द हू हा लंडनचा रॉक बँड. स्टेजवर गिटार फोडणारी पोरं म्हणून गाजलेला. ‘माय जनरेशन’ (१९६५), ‘अ क्विक वन’ (१९६६), ‘द हू सेल आउट’ (१९६७) हे पहिले तीन अल्बम ऐकले तर अध्यात्माचा फारसा वासही येत नाही.

मग मे १९६९ मध्ये आला ‘टॉमी’. दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही अशा मुलाची गोष्ट, तीही अख्ख्या डबल अल्बमभर. आणि श्रेयनामावलीत एक नाव: मेहेर बाबा. हुद्दा काय, तर ‘अवतार’!

कोण हे? १८९४ साली पुण्यात जन्मलेले मेरवान इराणी. डेक्कन कॉलेजला शिकत असताना कॅम्पात झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान त्यांना भेटल्या आणि आयुष्यच पालटलं. १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं, ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत. म्हणजे ‘टॉमी’ त्यांनी ऐकलाच नाही. बँडची बहुतेक गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड त्यांचा भक्त, पण दोघांची भेट कधी झाली नाही.

१९७१ च्या ‘हूज नेक्स्ट’मधलं पहिलंच गाणं ‘बाबा ओरायली’. त्यातले बाबा हेच, आणि ओरायली म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. बाबांची माहिती सिंथेसायझरमध्ये भरून सूर काढायचे, अशी टाउनशेंडची अचाट कल्पना होती. प्रत्यक्षात सुरुवातीला गरगरत येतो तो आवाज लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनचा.

बाबाजान यांचा दर्गा आजही कॅम्पात, रस्त्याच्या कडेलाच आहे.