बालपणीच्या कार्टूनपटांचे पुनर्दर्शन : 'टॉम आणि जेरी'च्या निमित्ताने

१. प्रश्नाचे स्वरूप

लहानपणी मनापासून आवडलेली कृती प्रौढपणी पुन्हा समोर आली असता ती 'टिकते' काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. कार्टूनपटांच्या बाबतीत मात्र तो विचारता येऊ लागला तो अलीकडेच. पूर्वी चित्रपट पडद्यावरून गेला की प्रेक्षकाजवळ त्याची आठवण तेवढी उरे. दूरचित्रवाणी, डीव्हीडी व इंटरनेट यांच्यामुळे आता ती आठवण प्रत्यक्ष चित्रपटाशी ताडून पाहता येते. कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात १९९५ साली सुरू झाली. तिच्यासमोर वाढलेली मुले आज स्वतः आईबाप झाली असून तेच चित्रपट आपल्या मुलांना शेजारी घेऊन पाहत आहेत. अशा वेळी काही कार्टूनपट पूर्वीपेक्षाही सरस वाटतात, काही निखालस पोकळ वाटतात, आणि काहींत एखादे दृश्य असे येते की हसू ओठांवरच थांबते व शेजारच्या मुलाला काय सांगावे ते सुचत नाही.

'टिकणे' या एका शब्दात वस्तुतः तीन निरनिराळे प्रश्न एकवटलेले आहेत. जी कृती पुन्हा पाहिली जात आहे ती पूर्वीचीच आहे काय? तिची घडण दुसऱ्या दर्शनाला पुरून उरते काय? आणि पाहणारा तोच राहिला आहे काय? हे प्रश्न वेगळे न केल्यामुळे या विषयावरील चर्चा बहुधा आवडीनिवडीच्या पातळीवर घुटमळते. 'टॉम आणि जेरी' या मालिकेत तिन्ही प्रश्नांना पुरेशी सामग्री मिळते. म्हणून प्रस्तुत विवेचनासाठी तिची निवड केली आहे.

२. कृती कोणती?

मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन चित्रसंस्थेसाठी विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांनी 'पस् गेट्स द बूट' हा लघुपट तयार केला. तो १९४० साली प्रदर्शित झाला. त्यात मांजराचे नाव टॉम नसून जॅस्पर असे होते. टॉम व जेरी ही नावे १९४१ च्या 'द मिडनाइट स्नॅक' या लघुपटापासून रूढ झाली. १९५८ पर्यंत या जोडीचे ११४ लघुपट निघाले व त्यांपैकी सात ऑस्कर पारितोषिकास पात्र ठरले. १९५७ साली संस्थेने आपला कार्टून-विभाग बंद केला. पुढे १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्राग येथे १३ आणि १९६३ ते १९६७ या काळात चक जोन्स यांनी अमेरिकेत ३४ लघुपट केले. १९७५ साली हॅना-बार्बेरा यांच्याच संस्थेने दूरचित्रवाणीसाठी जी मालिका केली, तीत तर हे हाडवैरी चक्क मित्र झाले आहेत.

मुलाच्या दृष्टीने या सर्वांचे नाव एकच : 'टॉम आणि जेरी'. वाहिनीवर ते एकामागून एक दाखविले जात. कर्ता, साल, देश यांची दखल घेण्याचे मुलाला कारण नव्हते. त्यामुळे 'काही भाग कसेसेच वाटायचे' ही जी अस्पष्ट आठवण अनेकांजवळ असते, तिचा उलगडा बहुधा श्रेयनामावलीत होतो. डाइच यांच्या लघुपटांतील चमत्कारिक, घुमणारे ध्वनी व हिसके देणाऱ्या हालचाली ही मुलाची कल्पना नव्हती. ते चित्रपट खरोखरच वेगळ्या हातचे होते.

एकाच लघुपटाचेही पाठ अनेक आहेत. १९५४ नंतरचे कित्येक लघुपट 'सिनेमास्कोप' या रुंद पडद्यासाठी काढलेले होते. चौकोनी दूरचित्रवाणी-पडद्यावर त्यांच्या कडा कापल्या गेल्या. काही दृश्ये गाळली गेली, काही संवाद नव्या आवाजात भरले गेले व काही पात्रे चक्क पुन्हा रेखाटली गेली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना प्रथम पोथ्यांची छाननी केली व मग पाठनिश्चिती केली. तो मोठा उद्योग व हा लहानसा विषय यांची तुलना होऊ शकत नाही. तथापि पद्धतीचे तत्त्व एकच आहे. कोणता पाठ समोर आहे हे ठरविल्यावाचून त्याचे मूल्यमापन करता येत नाही.

३. घडण

हे लघुपट मुलांसाठी निर्माण झालेले नव्हते, ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. ते चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखविले जात. प्रेक्षागृहात सर्व वयांची माणसे असत, आणि हसायचे ते त्या सर्वांनी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या वेगाने चालतो. म्हणजे सात मिनिटांच्या लघुपटात सुमारे १०,००० चौकटी होतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींसाठी वापरले तरी पाच हजारांच्या घरात स्वतंत्र अवस्था चितारणे भाग पडते. टॉम वळताना आधी डोळे वळतात, मग मान, मग धड. आणि शेपटी सर्वांच्या मागून येते. धावण्यापूर्वी तो क्षणभर उलट दिशेस झुकतो. वजन, गती व विलंब यांचा हा हिशोब मुलाला कळत नाही, पण त्याचा परिणाम त्याच्यावर होतो. प्रौढाला परिणामही जाणवतो व हिशोबही दिसतो.

हीच गोष्ट संगीताची. या लघुपटांत संवाद जवळजवळ नाहीत. कथनाचा भार स्कॉट ब्रॅडली यांच्या वाद्यवृंदाने उचललेला आहे. 'द कॅट कॉन्चेर्टो' या ऑस्कर-विजेत्या लघुपटात टॉम पियानोवर लिस्टची दुसरी 'हंगेरियन र्‍हॅप्सडी' वाजवतो आणि जेरी पियानोच्या आत झोपलेला असतो. भांडण सबंध रचनेच्या अंगाने चालते. संगीत थांबवून विनोद केलेला नाही, संगीतातूनच तो निघतो. 'पटिन ऑन द डॉग' (१९४४) या लघुपटात तर ब्रॅडली यांनी त्या काळी अत्याधुनिक व दुर्बोध मानल्या जाणाऱ्या बारा-स्वरी पद्धतीचा उपयोग केला. मैफलीत ज्या संगीताने श्रोते बिचकले असते, ते कुत्र्याचे मुंडके अंगावर घेऊन पळणाऱ्या उंदरासाठी वाजले, तेव्हा मुलांनी ते निमूट स्वीकारले.

याच्या उलट उदाहरण त्याच दोन कर्त्यांच्या पुढील कामगिरीत सापडते. १९५७ नंतर हॅना व बार्बेरा दूरचित्रवाणीकडे वळले. तेथे पैसा थोडा व मागणी दर आठवड्याची. तेव्हा त्यांनी 'मर्यादित अ‍ॅनिमेशन'चा अवलंब केला : शरीर स्थिर ठेवावयाचे व तोंड, डोळे किंवा हात तेवढे हलवावयाचे. योगी या अस्वलाच्या गळ्यात कॉलर व टाय असतो तो शोभेसाठी नव्हे. डोके धडापासून वेगळे रेखाटता यावे व सांधा दिसू नये, यासाठी. 'द फ्लिंटस्टोन्स' (१९६०-६६) मध्ये पळणाऱ्या पात्राच्या मागून तेच घर व तेच झाड पुनःपुन्हा सरकते. प्रौढ प्रेक्षकाचे लक्ष या काटकसरीवर गेले की ते तेथून हलत नाही. अशा मालिका टिकल्याच तर संवाद, आवाज व पात्रकल्पना यांच्या बळावर टिकतात. चलनाच्या बळावर नव्हे.

४. पाहणारा

एफ. सी. बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली 'रिमेंबरिंग' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्मरण म्हणजे साठवलेल्या प्रतिमेची जशीच्या तशी उचल नव्हे. ती दर वेळी नव्याने केलेली जुळणी असते. कार्टूनपटांच्या आठवणीला हे तंतोतंत लागू पडते. दूरदर्शनवर १९९३ पासून हिंदीत दाखविलेली 'जंगल बुक' ही मालिका याचे चांगले उदाहरण होय. गुलझार यांचे शीर्षकगीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत व शेरखानाला लाभलेला नाना पाटेकर यांचा आवाज यांमुळे ती अनेकांच्या स्मरणात पूर्णतः भारतीय म्हणून राहिली. वस्तुतः ती निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९-९० मध्ये केलेली ५२ भागांची जपानी मालिका होती. पुनर्दर्शनात चित्रे अनोळखी व संथ वाटतात, पण आवाज कानी पडताच जुनी ओळख पटते. येथे स्मृतीने चित्रापेक्षा ध्वनी अधिक जपला असे म्हणावयास हरकत नाही. आणि तो ध्वनी तर मूळ कृतीचा नव्हेच, भाषांतराचा आहे.

पाहणारा बदलतो तो केवळ विस्मरणाने नव्हे, तर समजुतीनेही. 'हेवनली पुस' (१९४९) मध्ये पियानोखाली चिरडलेला टॉम स्वर्गाच्या गाडीच्या फाटकाशी उभा असतो. रांगेत त्याच्यासोबत एक ओले, ठिबकणारे पोते येते व त्यातून तीन पिले बाहेर पडतात. मुलाला ती गोजिरवाणी पिले दिसतात. ती पोत्यात घालून पाण्यात बुडविलेली आहेत, हे प्रौढाला कळते. 'ब्लू कॅट ब्लूज' (१९५६) च्या अखेरीस प्रेमभंग झालेले टॉम व जेरी रेल्वेच्या रुळांवर बसून गाडीची वाट पाहत राहतात. ही दृश्ये पूर्वीही तेथेच होती. बदलला तो अर्थ लावणारा.

सहानुभूतीचा काटाही असाच सरकतो. मुलाच्या लेखी लहान तो निरपराध व मोठा तो दुष्ट. म्हणून जय जेरीचा. प्रौढ प्रेक्षकाच्या लक्षात येते की टॉम हा नोकरी टिकवू पाहणारा जीव आहे. उंदीर पकडला नाही किंवा भांडी फुटली तर घराबाहेर काढले जाईल, हे भय पहिल्याच लघुपटाचा पाया आहे. आणि कित्येक वेळा खोडी जेरीनेच काढलेली असते. पोटासाठी राबणाऱ्या माणसाला टॉम अधिक जवळचा वाटू लागला तर त्यात नवल नाही.

५. जे टिकत नाही

तथापि समजूत वाढण्याचा लाभ एकाच दिशेने होत नाही. १९४० ते १९५२ या काळातील अनेक लघुपटांत घर सांभाळणारी एक कृष्णवर्णीय स्त्री येते. तिचे पाय, सपाता व कंबरेखालचा घेर एवढेच बहुधा दिसते. चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. तिला आवाज लिलियन रँडॉल्फ या अभिनेत्रीचा होता. अमेरिकन रंगभूमी व चित्रपट यांतील 'मॅमी' या ठरीव साच्याचे हे रूप. 'गॉन विथ द विंड' (१९३९) मधील अशाच भूमिकेबद्दल हॅटी मॅक्डॅनिएल यांना १९४० साली ऑस्कर मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत होत्या. यावरून त्या काळी त्यांना कोणत्या भूमिका उपलब्ध होत्या हेही दिसून येते. शिवाय स्फोट झाला की पात्राचा चेहरा काळा, ओठ जाड व केस वेणीदार होतात, हा विनोदही या लघुपटांत वारंवार आढळतो.

महाराष्ट्रातील मुलाला या साच्याचा इतिहास ठाऊक नव्हता; त्याने तिला 'घरातली बाई' एवढेच मानले. त्याच्या हसण्यात तिरस्कार नव्हता. पण विनोद ज्या तिरस्काराच्या पुंजीवर उभा होता ती पुंजी खरी होती, आणि ती कळल्यानंतर न कळल्याचा आव आणता येत नाही.

या अडचणीवर वितरकांनी आजवर दोन प्रकारचे उपाय केले. पहिला काटछाटीचा. १९६० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणीसाठी या स्त्रीच्या जागी गोऱ्या स्त्रीचे पाय रेखाटले गेले व आवाजही बदलला गेला. १९९० नंतरच्या दशकात संवाद पुन्हा नव्याने ध्वनिमुद्रित झाले. दुसरा उपाय निवेदनाचा : २००५ च्या एका डीव्हीडी-संचाच्या आरंभी अभिनेत्री व्हूपी गोल्डबर्ग यांनी, हे चित्रण गैर असले तरी ते पुसून टाकणे म्हणजे असे काही घडलेच नाही असे मानणे होय, अशा आशयाची प्रस्तावना केली. काटछाटीने मुलाची करमणूक निर्वेध होते हे खरे. पण तिच्यामुळे एक कृष्णवर्णीय अभिनेत्री व तिचे काम हीदेखील पडद्यावरून नाहीशी होतात, आणि अपराधाबरोबर त्याचा पुरावाही जातो.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, 'टॉम आणि जेरी' टिकते काय, या प्रश्नाला एकेरी उत्तर नाही. हॅना-बार्बेरा यांच्या ११४ लघुपटांपैकी उत्तमांची घडण केवळ टिकत नाही, तर प्रौढ दृष्टीला अधिक उलगडते. कारण ती मुळातच प्रौढांनाही हसविण्यासाठी केलेली होती. त्यांतील वंशविषयक विनोद टिकत नाही, आणि तो टिकू नये हेच योग्य. या दोन्ही गोष्टी एकाच चित्रपटात, कित्येकदा एकाच दृश्यात, एकत्र नांदतात. त्यांची वजाबाकी करून निर्मळ शिल्लक काढता येत नाही.

अभ्यासकांपुरता यावरून निघणारा मार्ग स्पष्ट आहे : अखंड पाठ जतन करावा, त्याचा काळ नोंदवावा व पाठभेद दर्शवावेत. घरातील मुलाच्या बाबतीत वयाचा विवेक करणे भाग आहे. पाच वर्षांच्या मुलापुढे गाळीव पाठ ठेवणारा पालक चुकत नाही. परंतु तेच मूल पंधरा वर्षांचे झाल्यावर त्याला अखंड पाठ दाखवून, त्या चेहरा नसलेल्या स्त्रीविषयी चार शब्द सांगणे, हेही त्याच पालकाचे काम आहे. ज्या आनंदात आपण वाढलो त्याची पूर्ण किंमत कोणी मोजली हे जाणून घेतल्याने तो आनंद खोटा ठरत नाही. मात्र तो पूर्वीइतका निष्पाप राहत नाही, आणि प्रौढ माणसाला तसा तो राहावा अशी अपेक्षाही धरता येत नाही.