राजधानी रायगड : गड पडला, राज्य का टिकलं?

देवळाली कॅम्पात गडकोटांवर बोलायचं म्हणजे जरा जपूनच. समोर तोफखान्यात आयुष्य घालवलेली माणसं बसली आहेत. तट आणि तोफा यांतलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, म्हणून माझा प्रश्न साधा आहे : एखादी जागा राजधानी होते ती कशामुळे?

रायगडच घेऊ. मूळचा हा रायरीचा डोंगर. १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांचा पाडाव झाला आणि तो शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. तेव्हा कारभार राजगडावरून चाले, पुढे तो इथे हलला. उंची सुमारे ८२० मीटर, चहूबाजूंनी कडे, माथा मात्र ऐसपैस, आणि कोकणचा समुद्र हाताशी. बांधकाम केलं हिरोजी इंदुलकरांनी. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर त्यांचं नाव आजही वाचता येतं.

६ जून १६७४ ला इथे राज्याभिषेक झाला. त्यासोबत काय काय आलं बघा : नवा शक, होन आणि शिवराई ही नाणी, अष्टप्रधानांची घडी, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश. म्हणजे डोंगर तोच होता, पण आता तिथून निघालेला कागद दूरच्या गावात मानला जाऊ लागला. राजधानी हा शब्द इथे खरा लागू होतो.

आता गडावर जाऊ. रोपवेने गेलं की महादरवाजा चुकतो, तेव्हा गुडघे साथ देत असतील तर एकदा तरी पायऱ्यांनी चढा. वर गंगासागर तलाव, त्याच्या काठचे मनोरे, मग राजवाडा आणि राजसदर. सदरेच्या समोर नगारखाना. त्याच्या दारात हळू बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं. याची मौज सगळे घेतात, पण त्यातला अर्थही घ्या : दारातल्या माणसाचं म्हणणं गादीपर्यंत पोहोचलं पाहिजे. पुढे होळीचा माळ, बाजारपेठेच्या समोरासमोरच्या दोन रांगा, जगदीश्वर, आणि महाराजांची समाधी. १६८० मध्ये महाराज गेले ते याच गडावर. वाड्यांची मात्र बहुतेक जोतीच उरली आहेत. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांच्या माऱ्यात गडावर आग लागली आणि लाकडी बांधकाम जळून गेलं.

पण राजधानीची खरी परीक्षा त्याआधीच, १६८९ मध्ये झाली. मार्चमध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं. गडाला मोगलांचा वेढा पडला. राजघराणं सगळं एकाच जागी अडकलेलं. येसूबाईंच्या सल्ल्याने राजाराम महाराज गडाबाहेर पडले आणि पुढे तमिळ मुलखात जिंजीला पोहोचले. येसूबाई आणि लहानगे शाहू मागे राहिले. नोव्हेंबरात गड पडला आणि मायलेक कैदेत गेले. येसूबाई सुटल्या १७१९ मध्ये. त्या एका निर्णयाची किंमत हिशोबात धरा : तीस वर्षं.

राजधानी गेली. राज्य गेलं का? नाही. सनदा आता जिंजीहून निघू लागल्या. इकडे रामचंद्रपंत अमात्यांनी कारभार धरला, संताजी-धनाजींनी लढाई चालू ठेवली. १६९८ मध्ये जिंजीही पडली, तोवर राजाराम महाराज निसटले होते. पुढे गादी साताऱ्याला आली. आणि औरंगजेब? त्याची दिल्ली शाबूत होती, पण तो स्वतः दख्खनेत छावण्यांमध्ये फिरत राहिला आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला.

याच्या उलट उदाहरण आपल्याजवळच आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिचं नाव दौलताबाद ठेवलं. खंदक, अंधारी, सरळ तासलेला कडा, सगळं अभेद्य. तरी काही वर्षांतच त्याला परत फिरावं लागलं. माणसं हुकुमाने आली होती, मनाने आली नव्हती. अथेन्सचं बघा : इसवी सनपूर्व ४८० मध्ये इराणी फौजांनी ते जाळलं, पण नागरिक आधीच गलबतांवर चढले होते. थेमिस्टोक्लीस म्हणत होता ते हेच, की माणसं आहेत तोवर नगर आहे.

म्हणून माझं म्हणणं असं : आपला मानलेला कारभार जिथून चालतो, ती राजधानी. दगडी तट त्याला वेळ मिळवून देतात. टिकवतात ती माणसं.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत रायगड आहे, आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर आहे, आणि जिंजीही आहे. महाराष्ट्राबाहेरचा तो एकच. रायगड पाहिलात तर सवडीने जिंजीलाही जाऊन या. एकाच गोष्टीचे ते दोन अध्याय आहेत.

आता प्रश्न विचारा. तोफखानावाल्यांनी आधी.