हजिऱ्याचा युरिया आणि रेणूंच्या टकरी

खानदेशातून वाहत जाणारी तापी सुरत शहर ओलांडून हजिऱ्याजवळ समुद्रास मिळते. या हजिऱ्यास ‘कृभको’ या सहकारी संस्थेचा खत कारखाना असून तेथे १९८६ सालापासून युरियाचे उत्पादन होत आहे. युरिया तयार करण्यासाठी आधी अमोनिया लागतो आणि अमोनियासाठी नत्र व हायड्रोजन हे दोन वायू. हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून काढतात. नत्र तर हवेतच शेकडा ७८ भाग आहे. मग एवढ्या अवाढव्य यंत्रसामग्रीचे प्रयोजन काय? दोन्ही वायू एका टाकीत कोंडले म्हणजे काम झाले, असे कोणासही वाटेल. परंतु साध्या तपमानात ते वर्षानुवर्षे एकत्र राहिले तरी अमोनियाचा गंधही येणार नाही!

याचे कारण टक्कर सिद्धांतावरून समजते. माक्स ट्राउट्झ यांनी १९१६ मध्ये व विल्यम लुईस यांनी १९१८ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला. रासायनिक क्रिया घडण्यासाठी रेणूंची एकमेकांशी टक्कर व्हावी लागते, हे त्याचे मूळ सूत्र. आता, हवेतील प्रत्येक रेणू दर सेकंदास अब्जावधी टकरी घेतच असतो. पण त्यांतील बहुतेक निष्फळ ठरतात. टक्कर पुरेशा जोराची हवी, शिवाय रेणू योग्य बाजूने भिडावयास हवेत. किल्ली कुलपावर आडवी आपटून कुलूप उघडत नाही, तसेच हे आहे. क्रियेसाठी लागणाऱ्या किमान जोरास सक्रियण ऊर्जा म्हणतात. नत्राच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असल्यामुळे येथे हा घाट फारच उंच आहे.

तो ओलांडण्यासाठी कारखान्यात तीन उपाय योजतात. दाब वाढविला की रेणू दाटीने येतात व टकरी वाढतात. म्हणून अशा कारखान्यांत हवेच्या दाबाच्या शंभर ते अडीचशे पट दाब ठेवतात. दुसरा उपाय उष्णतेचा. तपमान २७ अंशांवरून ३७ अंशांवर नेले तर टकरींची संख्या शेकडा दोननेही वाढत नाही, तरी पुष्कळशा क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. कारण जोरदार टकरींचे प्रमाण वाढते. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी. उष्णतेने केवळ टकरी वाढतात, असा समज सर्रास आढळतो.

मात्र येथे एक पेच आहे. फार तापविल्यास तयार झालेला अमोनिया पुन्हा फुटू लागतो. म्हणून तपमान चारशे ते पाचशे अंशांच्या आसपास ठेवून तिसऱ्या उपायाचा, म्हणजे लोखंडी उत्प्रेरकाचा आधार घेतात. त्याच्या पृष्ठभागावर नत्राचा रेणू चिकटतो, त्याचे बंध सैल होतात आणि घाटाऐवजी जणू खालची खिंड सापडते. एवढे करूनही एका फेरीत थोडाच वायू अमोनियात रूपांतरित होतो. उरलेला पुन्हा पुन्हा फिरवावा लागतो. ४५ किलोच्या पोत्यातील सुमारे २०.७ किलो नत्रामागे एवढी इंधनाची व यंत्रांची मेहनत असते.

आणि हेच नत्र शेतात मात्र सहज निसटते. मातीत व पालापाचोळ्यात युरिएज नावाचे विकर असते. तोही एक उत्प्रेरकच. ओलाव्यात युरियाचा रेणू त्याच्याशी भिडला की साध्या तपमानातही त्याचे विघटन होऊन अमोनिया सुटतो. ऊन जितके कडक, तितका वेग अधिक. खत ओलसर जमिनीवर उघडे फेकले असेल तर हा अमोनिया हवेत उडून जातो. चुनखडीच्या जमिनीत हा नाश आणखी वाढतो. खत दोन बोटे मातीआड गेले, किंवा टाकल्यावर लगेच हलके पाणी देऊन ते खाली मुरविले, तर विघटन तेथेही होतेच. परंतु सुटलेला अमोनिया मातीच्या कणांना धरून राहतो व पिकाच्या मुळांना मिळतो.