घडताना पाहावं असं

२०२४ साली ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहम वोन आणि जोसेफ बेली या दोन शास्त्रज्ञांनी एक गणित मांडलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक यंत्राचं, दिवसाला एक भोक असलेलं दिनदर्शिकेचं कडं तुटलेलं आहे. त्यावर मुळात किती भोकं असतील? गुरुत्वीय लहरींच्या अभ्यासात वापरतात ती संख्याशास्त्रीय पद्धत त्यांनी लावली आणि उत्तर आलं ३५४, फार तर ३५५. कडं ३६५ दिवसांचं असावं, ही जुनी समजूत त्यामुळे मागे पडली. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं असतं हे अधिक महिना पाळणाऱ्या आपल्याला वेगळं सांगायला नको. या गणिताला लागणारी मोजमापं २०२० मध्ये क्रिस बुडिसेलिक आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या निबंधात आली होती. हा बुडिसेलिक विद्यापीठात शिकवत नाही. तो ऑस्ट्रेलियातल्या आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये घड्याळं बनवतो आणि ते काम ‘क्लिकस्प्रिंग’ या यूट्यूब चॅनलवर दाखवतो.

लाकूडकाम, धातुकाम आणि एकूणच वस्तू घडवण्याच्या चॅनलांचा आढावा घ्यायचा तर सुरुवात इथूनच व्हावी. ते ग्रीक यंत्र, म्हणजे बुडालेल्या जहाजातून १९०१ मध्ये वर काढलेलं अँटिकिथेरा यंत्र, बुडिसेलिक नव्याने घडवतो आहे. मूळ यंत्राची ३० चाकं उरली आहेत. त्यातल्या एकाला २२३ दाते, कारण २२३ चांद्रमासांनी ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. आता २२३ ही मूळ संख्या. वर्तुळाचे अर्धे, पाव, तिसरे भाग करत तिथे पोचता येत नाही. मग त्या कारागिराने दाते आखले कसे, आणि कापले कशाने? याचं उत्तर शोधायला बुडिसेलिक आधी त्या काळच्या पद्धतीची कानसच घडवायला बसतो. मऊ पट्टीवर छिन्नीने एकेक दात उठवत जायचा. आधीच्या घावाने जी बारीक कड उभी राहते, तिलाच छिन्नी टेकवून पुढचा घाव घालायचा; त्यामुळे दातांतलं अंतर डोळ्यांनी मोजावं लागत नाही, बोटांना कळतं. हे पाहिल्यावर संग्रहालयातला काशाचा तुकडा वेगळा दिसायला लागतो. तिथे कुणाचे तरी हात होते, हे जाणवतं.

माझी निवड एकाच कसोटीवर झाली आहे: चॅनल काय कापून टाकत नाही. तयार टेबल सगळेच दाखवतात. पातं बोथट झाल्यावर थांबून धार लावणं, माप पुन्हा घेणं, बसत नसलेला सांधा काढून किंचित तासून परत बसवणं, हा मधला भाग जो ठेवतो, त्याच्याकडून शिकता येतं.

या कसोटीवर पॉल सेलर्स यांच्याइतकं मोठं नाव माझ्यापुरतं दुसरं नाही. इंग्लंडमध्ये पंधराव्या वर्षी ते सुतारकामाच्या उमेदवारीला लागले आणि आजही बाकापाशी उभे आहेत. विजेची यंत्रं जवळजवळ नाहीत. करवत, रंधा, पटाशी, गुण्या आणि एक सुरी. ही सुरी महत्त्वाची. सेलर्स अचूक रेघ मारतात ती पेन्सिलीने नाही, सुरीने. मग टाकून द्यायच्या बाजूने पटाशीने एक तिरपी कपची काढतात. चिरेची दुसरी बाजू भिंतीसारखी उभी राहते आणि पटाशी किंवा करवत तिच्या कडेला अलगद टेकते. सांध्यात फट का राहत नाही, याचं सगळं रहस्य या अर्ध्या मिनिटात आहे. २५०, ६०० आणि १२०० ग्रिटच्या हिऱ्याच्या पट्ट्यांवर आणि शेवटी चामड्यावर पातं फिरवून धार लावणं ते इतक्या वेळा दाखवतात की ती लय पाहणाऱ्याच्या हातात उतरते. खाचेचा तळ सपाट करणारा रंधा परवडत नसेल, तर लाकडाच्या ठोकळ्याला तिरपं भोक पाडून त्यात पटाशी ठोका, असा त्यांचा सल्ला, आणि ती जोडणी खरोखर चालते.

आपल्याकडच्या माणसाने मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सेलर्स बहुधा पाइन, ओक असल्या लाकडांवर काम करतात. आपल्या सागवानात सिलिका असते आणि ती धार लवकर खाते, तेव्हा दगडाकडे अधिक वेळा वळावं लागेल. दुसरं म्हणजे त्यांचं सगळं काम उभ्याने, बाकाला बसवलेल्या व्हाइसमध्ये चालतं. आपला सुतार खाली बसून पायाने लाकूड धरतो. तीही एक पुरी पद्धत आहे, आणि तिच्यात पकड-सोड किती झटपट होते ते जाणकाराने एकदा कॅमेऱ्यासमोर समजावून सांगायला हवं. अमेरिकन चॅनलांतल्या इंचांचा मात्र आपल्याला त्रास नाही. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हा हिशोब आपल्या सुतारांच्या तोंडी आहेच.

कॅनडातला माथियास वांडेल वेगळ्या घडणीचा. ब्लॅकबेरी फोन बनवणाऱ्या कंपनीत तो अभियंता होता. पुढे त्याने लाकडाचा बँडसॉ बनवला आणि सांधे कापणारं स्वतःचं यंत्रही. कोणता सांधा मजबूत, यावर वाद घालण्यापेक्षा तो सांधे जोडतो आणि वजन लावून मोडून पाहतो. कमी पैशांत हत्यारांची जुळवाजुळव करायची असेल तर अमेरिकेतल्या रेक्स क्रूगरकडे जावं.

धातुकामात मी पहिलं नाव ‘मिस्टरपीट२२२’ या चॅनलचं घेईन. अमेरिकेतल्या शाळेत वर्कशॉप शिकवून निवृत्त झालेले हे मास्तर. चित्रण साधं, बोलणं सावकाश. लेथच्या चकमध्ये जॉब सरळ कसा बसवायचा, हे ते वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला कळेल असं सांगतात. आयटीआयच्या मुलांनी हे जरूर पाहावं. जड काम पाहायचं तर ‘कटिंग एज इंजिनीअरिंग ऑस्ट्रेलिया’. खाणीतल्या यंत्रांचे माणसाएवढे हायड्रॉलिक सिलिंडर तिथे दुरुस्तीला येतात आणि तापलेल्या पोलादाची निळी कात लेथवरून उसळत राहते. फ्लोरिडातला ‘अबोम७९’ त्याच वाटेवरचा, तिसऱ्या पिढीचा टर्नर. मात्र कुणाचंही पाहून लेथला हात लावण्याआधी एवढं पाळाच: फिरत्या यंत्रावर हातमोजे नकोत, सैल बाह्या नकोत.

न बोलणाऱ्या चॅनलांचं एक मोठं कुळ आहे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलँडमधला जॉन प्लांट २०१५ पासून ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ चालवतो. जंगलात, अनवाणी, मातीच्या भट्टीसमोर. ओढ्यातला नारिंगी गाळ लोहजिवाणूंमुळे साचतो. तो कोळशाबरोबर भट्टीत घालून, हाताने पंखा फिरवून प्लांट लोखंडाचे बारीक मणी मिळवतो. इतक्या श्रमांनंतर हाती येतं ते मूठभर. लोखंड माणसाला किती महाग पडलं असेल, हे मला त्या मुठीने शिकवलं. सबटायटल चालू करून पाहा, सगळं स्पष्टीकरण तिथे लिहिलेलं असतं. त्याचं यश पाहून काठ्यांनी जलतरण तलाव आणि महाल खोदणाऱ्यांचं पीक आलं. त्यातल्या कित्येकांत कॅमेरा बंद असताना यंत्रं राबतात, हे उघड झालं आहे. जुन्या वस्तू उजळवण्याच्या व्हिडिओंतही गंज मुद्दाम चढवलेला असतो, असं घडलं आहे. खऱ्या कारागिराच्या मेहनतीची ही चोरी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. चीनमधले ‘आजोबा आमू’, म्हणजे वांग देवेन, एका अखंड ठोकळ्यातून घडीचं स्टूल कापून काढतात, खिळा नाही की सरस नाही. ते मात्र पुनःपुन्हा पाहावं.

आणि पुण्याचे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरहून निघून ते पुण्यात टेल्कोत आले, १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढे आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी शेकडो खेळणी मुलांपुढे उलगडली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे व्हिडिओ मिनिट-दोन मिनिटांचे, मराठीतही आहेत. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि आगकाड्या एवढ्यावर चौकोन बनतो, दाबला की कलतो. त्रिकोण बनतो, तो हलत नाही. पूल आणि छपराच्या कैच्या त्रिकोणांच्या का असतात, हे पाठ न करता कळतं. यात लपवायला मधला भाग उरतच नाही, सगळं हातासमोर.

आपल्या इतर कारागिरीला हे भाग्य अजून लाभलेलं नाही. पुण्याच्या तांबट आळीतलं मठारकाम पडद्यावर येतं ते तीन मिनिटांत, पार्श्वसंगीतासह. हातोडीच्या ठोक्याचा खरा आवाजच ऐकू येत नाही, आणि घाव घातल्याने तांबं कडक होतं हे कुणी सांगत नाही. मिरजेची सतार घ्या. भोपळा निवडण्यापासून तारा चढेपर्यंतचं काम एका मोठ्या मालिकेचं आहे. पण निदान जवारी काढण्याचं चित्रण तरी नीट व्हावं. घोडीच्या माथ्यावर कानस फिरते, तार छेडली जाते, पुन्हा दोन हात कानस, पुन्हा तार. प्रत्येक फेरीला नाद किती खुलला ते कानांनी तोलायचं असतं, म्हणून तिथे संगीत चढवू नये, काही गाळू नये, आणि कारागिराने काय ऐकलं ते त्याच्याच तोंडून वदवावं. मिरजेतल्या एखाद्या तरुणाने एवढं एक काम यंदा हाती घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.