साइट चालू, प्रोग्रॅम बंद

३० सप्टेंबर २०२१. जगभरातले कित्येक प्रोग्रॅम त्या दिवशी अडले. कोडमध्ये कुणी एक अक्षरही बदललं नव्हतं. ज्या साइटकडून माहिती मागवायची, ती ब्राउझरमध्ये सुरळीत उघडत होती. प्रोग्रॅम मात्र ‘सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड’ एवढं सांगून थांबायचा.

कारण होतं एक संपलेली मुदत. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था कोट्यवधी साइटना त्यांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं मोफत देते. तिची भिस्त ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्रावर होती, ते त्या दिवशी बाद झालं. नवं मूळ प्रमाणपत्र कधीचंच तयार होतं. पण प्रमाणपत्रं तपासणारी ओपनएसएसएल १.०.२ सारखी जुनी लायब्ररी जुन्याच मुळाच्या वाटेने जायची आणि बाद प्रमाणपत्रापाशी अडकायची.

प्रमाणपत्रांवरचा विश्वास सह्यांच्या साखळीवर चालतो. साइटच्या प्रमाणपत्रावर मधल्या प्रमाणपत्राची सही, मधल्यावर मुळाची. मूळ प्रमाणपत्रांची यादी आपल्याच यंत्रात असते. प्रत्येक सॉफ्टवेअरची यादी मात्र वेगळी असू शकते. पायथनमधली ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररी ‘सर्टिफाय’ या पॅकेजमधली यादी वापरते. ते पॅकेज वर्षानुवर्षं अपडेट केलं नाही, तर नवी मुळं तिला अनोळखीच राहतात. सर्व्हरने मधलं प्रमाणपत्र पाठवलंच नाही, तर बरेच ब्राउझर ते स्वतः मिळवतात. प्रोग्रॅम सहसा ते करत नाही. म्हणून ‘ब्राउझरमध्ये तर चालतंय’ हा पुरावा पुरेसा नाही.

अशा वेळी घाईत सापडणारा उपाय म्हणजे कोडमध्ये ‘व्हेरिफाय’ला ‘फॉल्स’ करणं, म्हणजे प्रमाणपत्राची पडताळणीच बंद करणं. एरर जाते आणि काम पुढे सरकतं. माहिती अजूनही सांकेतिक रूपातच जाते, पण कुणाकडे जाते याची खात्री उरत नाही. मध्ये बसलेला कुणीही स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करून पासवर्ड, टोकन सगळं वाचू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ब्राउझरबाहेरची सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा पैशांचे व्यवहार करणाऱ्या लायब्रऱ्यांमध्येही ही पडताळणी मोडलेली सापडली.

खरा उपाय शोधायला फार वेळ लागत नाही. आधी यंत्राचं घड्याळ पाहा. तारीख चुकली की चांगलं प्रमाणपत्रही बाद दिसतं. मग आपण मागितलेलं नाव प्रमाणपत्रावर आहे का, ते पाहा. ‘ओपनएसएसएल’च्या ‘एस-क्लायंट’ कमांडने सर्व्हर कोणती साखळी पाठवतो ते कळतं. कडी गहाळ असेल तर दुरुस्ती सर्व्हरवरच करायची. ऑफिसचं नेटवर्क वाहतूक उघडून तपासत असेल, तर ऑफिसचं मूळ प्रमाणपत्र यादीत घाला. मॅकवर पायथन त्याच्या अधिकृत साइटवरून घेतलं असेल, तर सोबत येणारी ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट्स’ फाइल एकदा चालवा. आणि सर्व्हरशी सुरुवातीची बोलणीच जुळत नसतील, तर टीएलएस या सुरक्षित जोडणीच्या नियमावलीची आवृत्ती पाहा; १.० आणि १.१ या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत निघाल्या.

मुदत संपून अडण्याचे प्रसंग आता वाढू शकतात. प्रमाणपत्राची कमाल मुदत टप्प्याटप्प्याने कमी होत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. तेव्हा आजच आपल्या कोडमध्ये ‘व्हेरिफाय’पुढचा ‘फॉल्स’ शोधा. घाईच्या एखाद्या रात्री कुणीतरी तो ‘तात्पुरता’ म्हणून लिहिला असेल, आणि त्या प्रोग्रॅमवर विसंबलेल्या माणसांना त्याचा पत्ताही नसेल.